प्रकल्प नोंदी: सवलतीतला गेमिंग सीपीयू घ्यावा का?

१८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

भाच्याने नागपूरच्या एका दुकानातला फोटो पाठवला. तयार गेमिंग सीपीयू, काचेचा कॅबिनेट, सहा रंगीत पंखे. १,०४,९९९ वर काट मारलेली, खाली ६३,५०० आणि 'लास्ट पीस'. सोबत मेसेज: "मामा, किंमत अर्ध्यावर आली ना जी, आता काहून थांबाचं?"

अर्ध्यावर आलेली नाही, पण ते जाऊ द्या. काट मारलेला आकडा दुकानदारानेच लिहिलेला असतो, म्हणून सवलत किती टक्के हे मी मोजणारच नाही. हिशेब दोनच: हाच माल आज सुटा घेऊन जोडला तर किती पडेल, आणि हा डबा घरी आणल्याबरोबर त्यातलं काय काय बदलावं लागेल.

काम दोन प्रकारचं. दिवसा लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग, रात्री गेम. तुळशीचं लग्न आटोपलं, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा स्टुडिओवाला काम द्यायला तयार आहे, पण पोराचा लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबरला संपले आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. तेव्हा मशीन लागणार हे नक्की. बहिणीने मर्यादा घातली आहे: सत्तर हजारांच्या आत, यूपीएस-वायरिंग वेगळं.

भाऊजी अंगणात कापसाच्या गंजीजवळ बसले होते. लांब धाग्याच्या कापसाचा यंदाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. त्यांनी तिथेच भागाकार केला. "म्हणजे आठ क्विंटल कापूस त्या डब्यात जाते. अन् खेड्यावर घ्याले येणारा व्यापारी तं हमीभावही देत नाही." हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुकानदाराने व्हॉट्सॲपवर माहिती पाठवली. प्रोसेसर आय५-१२४००एफ, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६० आठ जीबी, रॅम १६ जीबी डीडीआर४, एसएसडी ५१२ जीबी एनव्हीएमई. बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात): "एच६१०, ब्रँडेड". एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग): "६०० वॉट, ब्रँडेड".

प्रोसेसर जानेवारी २०२२ चा, कार्ड जून २०२३ चं. जुनं आहे, पण टाकाऊ नाही. सहा कोअर, बारा थ्रेड. घरातल्या १०८०पी मॉनिटरवर हे कार्ड अजून दोन-तीन वर्षं सहज निभावेल. नव्या गेममध्ये टेक्श्चर (चित्रातले बारकावे) वर नेले की आठ जीबी कमी पडतं, तेवढं पोराला सांगून ठेवलं.

मला खटकतं ते 'ब्रँडेड'. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावं मोठ्या अक्षरात असतात, कारण गिऱ्हाईक त्यावरच भाव ताडून पाहतं. पैसे वाचवायचे असतील तर दुकानदार बोर्ड आणि एसएमपीएसमध्ये वाचवतो. एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलचा फोटो मागितला. आधी कॅबिनेटचा फोटो आला, मग डब्याचा. संध्याकाळी एकदाचा लेबलचा आला.

वर सोनेरी अक्षरात ६००. खाली बारीक तक्ता. त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात २० अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात १२ व्होल्टवरच, म्हणून खरा आकडा हाच: १२ गुणिले २०, म्हणजे २४० वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज ६०० पर्यंत ओढलेली. आता खर्च बघा. आरटीएक्स ४०६० ची ठरलेली मर्यादा ११५ वॉट. १२४००एफ नावाला ६५ वॉटचा, पण पूर्ण जोरात ११७ पर्यंत जातो. झाले २३२. त्यावर बोर्ड, एसएसडी, सहा पंखे. गेम सुरू असताना हा एसएमपीएस सतत कडेवरच राहणार. ८० प्लसचा, म्हणजे कार्यक्षमतेचा शिक्का कुठेच नाही. आणि तक्त्याच्या वरच्या ओळीत: इनपुट २००–२४० व्होल्ट. ही ओळ आपल्याकडे फार महाग पडू शकते.

२३ नोव्हेंबर, रविवार

मल्टिमीटर घेऊन बहिणीकडे. सकाळी २२८ व्होल्ट. संध्याकाळी सात वाजता १८६, मधेच १८१. सध्या हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू आहे. अंधार पडला की दिवे पिवळे होतात हे गावात कुणाला नवीन नाही. म्हणजे त्या लेबलप्रमाणे हा एसएमपीएस रोज संध्याकाळी आपल्या हद्दीच्या बाहेर काम करणार. बंद पडेल, नाहीतर तापेल. रेंडरच्या (तयार व्हिडिओ बाहेर काढण्याच्या) मधे बंद पडला तर काम गेलं, आणि जाताना बोर्डही घेऊन गेला तर पैसेही गेले.

घरात इन्व्हर्टर आहे, तो स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गोल लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा. पंखा, टीव्ही ठीक. पण चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट) असतं आणि त्याचं स्क्वेअर वेव्हशी पुष्कळदा जमत नाही. शिवाय लाइन गेल्यावर इन्व्हर्टरने भार उचलायला जितका वेळ लागतो तितका वेळ एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर तग धरतो का, हा प्रश्न उरतोच. एटीएक्सच्या, म्हणजे पीसीच्या एसएमपीएसच्या ठरलेल्या मापात ही मुदत १६-१७ मिलिसेकंदांची आहे, स्वस्त मालात त्याहून कमी. म्हणून वेगळा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी सावरणारा) यूपीएस. ६०० व्हीएचा नको, तो ३६० वॉटचा असतो. मॉनिटरसकट पूर्ण भार आला की त्यात जागाच उरत नाही. ११०० व्हीए, ६६० वॉट.

मग अर्थिंग. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणून भाऊजी म्हणाले, "अर्थिंग आहे ना." फेज आणि अर्थमध्ये मीटर लावला. जिथे फेज-न्यूट्रलइतकाच आकडा यायला हवा तिथे काटा नव्वदच्या आसपास भरकटत होता. भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला, तार मागे काढत गेलो. हिरवी तार मीटरच्या फळीमागे येते, तिथे इंचभर सोलून वाकवून ठेवली आहे. पुढे काही नाही. टोकाला कोळ्याचं जाळं.

याचा सीपीयूशी संबंध असा: एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो, विजेतला गोंगाट गाळायला. तो करंट अर्थमध्ये जायचा असतो. अर्थच नसेल तर कॅबिनेटचा पत्रा लाइनच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, पण हात लागला की मुंग्या येतात, आणि मॉनिटरची एचडीएमआय चालू मशीनमध्ये खुपसली तर पोर्ट उडतो. गावातल्या दुरुस्तीत 'एचडीएमआय गेलं' म्हणून जी कार्डं माझ्याकडे येतात त्यातल्या बऱ्याच घरांत अर्थिंगची हीच गत असते.

खड्डा मागच्या अंगणात, नळाच्या सांडपाण्याजवळ घ्यायचं ठरवलं. आपली काळी माती ओली असली की अर्थिंगला उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये तिला हात-हातभर भेगा पडतात आणि सळईभोवतीची पकड सुटते. पाण्याजवळ सळई असली की उन्हाळाभर बादल्या ओतायची आठवण ठेवावी लागत नाही. मीठ-कोळसा, जीआयची सळई, वायर. हा खर्च कोणताही सीपीयू घेतला तरी आहेच, म्हणून हिशेबात धरत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्या मालाचे भाव फोनवर घेतले, सगळे जीएसटीसह. प्रोसेसर १०,८००, बोर्ड ६,७००, १६ जीबी रॅम ७,२००, एसएसडी ४,१००, ४०६० कार्ड २७,५००, नीट एसएमपीएस ४,३००, कॅबिनेट ३,२००. जोडणावळ हजार. एकूण ६४,८००.

तयार डबा ६३,५००, त्यात एसएमपीएस बदलणं भागच आहे, म्हणजे ६७,८००. सुटा माल तीन हजारांनी स्वस्त, आणि प्रत्येक भाग आपल्या पसंतीचा. आज निकाल: घेऊ नये.

पोरगा नाराज. त्याला त्या पंख्यांचे रंग हवे आहेत, बोलत नाही एवढंच.

५ डिसेंबर, शुक्रवार

निकाल फिरला.

रॅमचे भाव महिनाभर वर चढत होतेच. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागते आहे की बनवणाऱ्यांनी आपला माल तिकडे वळवला. डीडीआर४ तर ते तसंही बंद करत आणत होते. त्यात परवा, ३ डिसेंबरला, मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशल नावाने घरगुती गिऱ्हाइकांना रॅम आणि एसएसडी विकणं थांबवणार, फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच माल सुटेल. आज त्याच दुकानांना पुन्हा फोन केला. रॅम ९,६००, एसएसडी ४,९००. एकाने तर सांगितलं, "भाव आजचा आहे, उद्याचं सांगता येत नाही." सुट्या मालाची बेरीज ६८,०००.

तयार डब्यावरचा आकडा मात्र ६३,५०० च. त्यातली रॅम जुन्या भावात भरलेली आहे. एसएमपीएस धरूनही तो आता सुट्या मालाच्या बरोबरीला आला. फोटोतल्या मालात काहीच बदललं नाही, बदललं ते बाजारात. म्हणजे जाऊन पाहण्यासारखं झालं.

दुकानदाराने एक वेगळी गोष्टही सुचवली: पक्कं बिल नको असेल तर अजून कमी करतो. ६३,५०० मध्ये १८ टक्क्यांनी जीएसटी साधारण ९,७०० होतो, त्यामुळे मोह होणारच. पण बिल नाही तर कार्डाची वॉरंटी नाही, आणि या डब्यात सर्वांत महागडी वस्तू कार्डच आहे. पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. याशिवाय बोलणं पुढे नाही.

११ डिसेंबर, गुरुवार, नागपूर

तळेगावहून सकाळच्या बसने निघालो. अधिवेशन सुरू आहे, मोर्चे आणि बंदोबस्तात सीताबर्डीला पोचेपर्यंत दुपार झाली. भाच्याच्या खिशात पेन ड्राइव्ह, त्यात स्टुडिओवाल्याच्या कॅमेऱ्यातल्या खऱ्या क्लिप. हे मी मुद्दाम सांगितलं होतं. दुकानात गेम चालवून दाखवतात, आणि गेम तर चालणारच.

आधी पंखे बंद करून काच उघडायला लावली. बोर्ड एच६१०, रॅमचे दोनच स्लॉट, त्यात १६ ची एकच पट्टी. म्हणजे मेमरी एकाच चॅनेलवर, वेग निम्मा. गेममध्ये थोडा फटका बसेल. पण पुढे भाव उतरले की दुसरी १६ ची टाकता येईल, दोन आठच्या असत्या तर दोन्ही काढाव्या लागल्या असत्या. आहे ते राहू दे म्हटलं. बोर्डाला २४ पिनचा नेहमीचाच कनेक्टर, याचं समाधान वाटलं. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा त्यांचाच खास बोर्ड आणि खास एसएमपीएस असतो. बाजारातला बसत नाही, आणि जळला की गावात मशीन महिनाभर पडून राहतं. इथे तो प्रश्न नाही.

कार्ड तपासायचं जीपीयू-झेड लावलं: ३०७२ शेडर, १२८ बिट, आठ जीबी. कार्ड जे सांगितलं तेच आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी चालू राहिल्याचे तास पाहिले तर हजाराच्या वर. दुकानदाराकडे बघितलं. "डिस्प्लेला ठेवला होता भाऊ, चालू तर ठेवावाच लागतो ना." बरोबर आहे. पण मग तो नवा नाही, आणि किंमत नव्याची नको. विंडोज ११ ॲक्टिव्हेशनचं पान उघडलं, ते मात्र ठीक निघालं.

मग पेन ड्राइव्ह. पोराने आपल्या खात्याने लॉगिन करून क्लिप टाइमलाइनवर टाकली. पहिली सरळ धावली. दुसरी, नवऱ्या मुलीच्या एंट्रीची, अडखळायला लागली. चित्र थांबतं, आवाज पुढे. दुकानदार म्हणाला सॉफ्टवेअर जड आहे. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर नव्वदच्या वर, आणि ग्राफिक्समधला 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख शून्यावर सपाट.

कारण असं. ही क्लिप एच.२६५ पद्धतीने दाबून साठवलेली, १० बिट, ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती नेहमीच्या ४:२:० पेक्षा जास्त. लग्नात आता असे कॅमेरे सर्रास आहेत, कारण रंग दुरुस्त करायला वाव मिळतो. पण आरटीएक्स ४० मालिकेच्या कार्डातला डिकोडर ४:२:० आणि ४:४:४ उलगडतो, ४:२:२ नाही. ते ५० मालिकेपासून आलं. इंटेलच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स मात्र ही एच.२६५ क्लिप अकराव्या पिढीपासून उलगडतं. आणि आमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी आहे 'एफ', म्हणजे नेमकं तेच ग्राफिक्स काढून टाकलेलं. गेमिंगवाल्याला त्याची गरज नसते, म्हणून तयार गेमिंग डब्यात एफच भरतात. गेमसाठी ही काटकसर योग्यच आहे. पण पोट भरायचं आहे एडिटिंगवर.

प्रॉक्सी फाइल (क्लिपच्या हलक्या नकला) करून काम भागतं, पोराने लगेच सुचवलं. भागतं. पण दर लग्नाला आधी सगळ्या क्लिपच्या प्रॉक्सी करायच्या म्हणजे नवं मशीन घेऊन जुन्याच सवयी.

तोडगा सोपा: साधा १२४००, एफ नसलेला. सॉकेट तोच, बोर्ड तोच.

घासाघीस चहा येऊन थंड होईपर्यंत चालली. शेवटी ठरलं ते असं: प्रोसेसर बदलून फरकाचे २,२००. एसएमपीएस बदलून फरकाचे २,५००. डिस्प्लेचा माल म्हणून २,००० कमी. एकूण ६६,२००, पक्कं बिल. हीच जोडणी साध्या १२४०० सकट सुटी घेतली तर ७०,२००.

पोराचा शेवटचा प्रयत्न: सुटा माल घेऊन ५०६० का नको? ते कार्ड ३०,५०० सांगतात, म्हणजे एफ प्रोसेसरसकट ७१,०००. एडिटिंगला ते जास्त बरं, हे मी मान्य केलं. ४:२:२ चा प्रश्न कार्डातच सुटला असता. पण मेमरी त्यातही आठच जीबी, आणि बहिणीची हद्द सत्तर. पावणेपाच हजार जास्त देण्याइतका फरक त्याच्या सध्याच्या कामात नाही. तो गप्प बसला. अनामत दोन हजार देऊन परतलो, अट एकच: नवा एसएमपीएस लावण्याआधी लेबलचा फोटो.

१५ डिसेंबर, सोमवार

फोटो आला. ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ. पण इनपुट २००–२४०. परत पाठवायला सांगितलं. ब्राँझ लिहिलं की सगळं आलं असं नाही. शिक्का कार्यक्षमतेचा आहे, कमी व्होल्टेजवर चालण्याचा नाही.

संध्याकाळी दुसरा फोटो: १२ व्होल्टवर ४२ अँपिअर, म्हणजे ५०४ वॉट. इनपुट १००–२४०. हो कळवलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

माल आणला. ओळखीची एक गाडी नागपूरला गेली होती, तिच्यात. कार्ड काढून त्याच्याच खोक्यात वेगळं ठेवलं, कॅबिनेट आडवं, बोर्डाची बाजू खाली. आर्वीपासून गावचा रस्ता असा की उभा सीपीयू कार्डासकट आणणं म्हणजे स्लॉटवर प्रयोग.

बिलावरचे सिरियल नंबर आणि मालावरचे नंबर ताडून पाहिले, जुळले. अर्थिंग मागच्या आठवड्यात झालं आहे, फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल आता जवळपास सारखं दाखवतं. यूपीएस ५,८०० ला आर्वीतच मिळाला. सात वाजता लाइन १८४ वर असताना गेम सुरू ठेवून यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढला. मशीन हललं नाही. दुसरी क्लिप, नवरीच्या एंट्रीची, आता सरळ धावते. टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या ग्राफिक्सचा डिकोड आलेख वर चढलेला दिसतो.

२१ डिसेंबर, रविवार

उष्णतेची चाचणी. डिसेंबरात सगळीच मशीनं थंड असतात, म्हणून नुसता आकडा न बघता खोलीपेक्षा किती वर जातं ते पाहायचं. खोली २१ अंश, कार्ड तासभर पूर्ण भारावर ६५. म्हणजे ४४ अंश वर. मे महिन्यात टिनाखालची ही खोली ४२ धरली तर कार्ड ८६ ला जाईल, आणि या कार्डाची कमाल मर्यादा ९०. पार व्हायच्या आधीच ते वेग कमी करतं, म्हणजे बिघडणार नाही पण पैशाचं काम करणार नाही.

दोष समोरच्या काचेचा. तीन पंखे काचेमागून फटीतून हवा ओढतात. काच काढून पुन्हा तासभर चालवलं: ५९. मे महिन्याच्या हिशेबात ८०. काच काढून आता माळ्यावर ठेवली, तिच्या जागी बारीक जाळी बसवायची. रंग तरीही दिसतात, त्यामुळे पोराची हरकत नाही.

कूलरचं बहिणीला समजावलं: त्याचा झोत सीपीयूवर सोडायचा नाही. खोली थंड हवी, पण ओली हवा आणि गवताच्या ताट्यांमधली धूळ सरळ पंख्यात गेली की एका उन्हाळ्यात कार्डाच्या पत्र्यांवर चिखल बसतो. टेबल खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवलं.

बाकी कामं: जाळी. बिलाची झेरॉक्स, कारण थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते. कूलर लागला की पुन्हा तापमान मोजणं. दुसऱ्या रॅमचा विचार भाव उतरल्यावर, आत्ता नाही. भाऊजींनी वहीचं पहिलं पान मागवून ८,११० ने पुन्हा भागलं, यूपीएस धरून. जवळपास नऊ क्विंटल. स्टुडिओवाल्याचं पहिलं काम शुक्रवारी येतं आहे.